सोयादूध चहा-कॉफीत का फाटतं : पाच घाण्यांची नोंद

दुकानातल्या सोया पेयाच्या खोक्यावर साधारण अशी यादी असते : पाणी, सोयाबीन, साखर, कॅल्शियम कार्बोनेट, आम्लता नियामक (३४०), स्थिरक (४१८), मीठ, जीवनसत्त्वं. (भारतातल्या नियमांप्रमाणे 'दूध' हा शब्द अशा खोक्यावर चालत नाही, नारळाचं दूध हा अपवाद. म्हणून 'पेय'.) ते आकडे, म्हणजे खाद्य-घटकांचे ठरलेले क्रमांक, बघून बरेच जण खोकं परत ठेवून देतात. इथे उलटं केलं आहे. काहीही न घालता सुरुवात करायची, काय बिघडतं ते बघायचं आणि त्या बिघाडापुरता एकच पदार्थ वाढवायचा.

घाणा १ : सोयाबीन आणि पाणी, बस

पिवळं सोयाबीन १०० ग्रॅम. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ८ ते १० तास भिजवलं. भिजलं की नाही ते घड्याळावर ठरवू नका. दाणा मधोमध फोडा. दोन्ही डाळिंब्या आतून सपाट हव्यात, मधे खळगा दिसला तर अजून वेळ आहे. भिजवलेलं पाणी फेकून दाणे चोळून धुतले, सालं वर आली ती काढली.

आता महत्त्वाचं. दाणे थेट मिक्सरमध्ये न घालता उकळत्या पाण्यात ५ मिनिटं टाकले आणि मग गरम पाण्यातच वाटले. सोयाबीनमध्ये लायपॉक्सिजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. गार पाण्यात वाटताना त्याला तेल आणि हवा एकदमच मिळते आणि तो कच्चा, उग्र वास तयार होतो. एकदा तयार झाला की पुढे कितीही उकळा, पुरता जात नाही. गरम वाटताना भांडं एक तृतीयांशच भरा आणि झाकणाच्या भोकावर फडकं धरा, नाहीतर वाफेने झाकण उडतं.

गाळलेलं मऊ पाणी, एकूण ९०० मिली. पंचातून गाळून, पिळून पावणेआठशे मिलीच्या आसपास दूध निघालं. जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत १५ मिनिटं उकळलं. लवकर वर येतो तो सॅपोनिन या साबणासारख्या फेसाळणाऱ्या घटकाचा फेस, ती उकळी नव्हे, तिथून वेळ मोजू नका. कच्च्या सोयाबीनमधली ट्रिप्सिन-रोधकं (प्रथिनं पचवणारं विकर अडवणारे घटक) नीट उकळल्याशिवाय निकामी होत नाहीत आणि ती पचनाला त्रास देतात.

साध्या चहात हे दूध टिकलं. काळ्या कॉफीत ओतताच कपात बारीक पांढरे कण दिसले, अर्ध्या मिनिटात त्यांचे ढग झाले आणि खाली पिवळट पाणी सुटलं. काळ्या कॉफीचा पीएच (आम्लतेचं माप, सातच्या जितकं खाली तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास. सोयाबीनची प्रथिनं साडेचार पीएचच्या जवळ गेली की एकमेकांना दूर ठेवणारा विद्युतभार गमावतात आणि चिकटतात. कॉफीची उष्णता त्यात भर घालते.

घाणा २ : तेच प्रमाण, बोअरचं पाणी

हा घाणा साध्या चहातही दाणेदार झाला. टोफू करताना मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम सल्फेट घालतात ते प्रथिनं गोठवायलाच, आणि बोअरच्या जड पाण्यात हेच दोन्ही धातू, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम, असतात. ज्यांचं दूध 'विनाकारण' फाटतं त्यांनी आधी पाणी बदलावं, पूड-पावडरी नंतर.

घाणा ३ : आम्लता नियामक

पुन्हा गाळलेलं मऊ पाणी. दूध गरम असताना लिटरला २ ग्रॅम खाद्य दर्जाचं डायपोटॅशियम फॉस्फेट. यादीतलं ३४० ते हेच. पीएच सातच्या आसपास गेला. हे फॉस्फेट आम्ल शोषून घेतं आणि मोकळं कॅल्शियमही बांधून ठेवतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी संरक्षण मिळतं. त्याच कॉफीत दूध एकसंध राहिलं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना फॉस्फेट मोजून घ्यावं लागतं, त्यांनी यादीत हा आकडा जरूर बघावा.

फॉस्फेट नसेल तर खाण्याचा सोडा लिटरला अर्धा ग्रॅम चालतो, पण एक ग्रॅमच्या पुढे साबणासारखी चव येते आणि रंग पिवळा पडतो.

कपातली रीतही तितकीच मोलाची. फ्रिजमधलं गार दूध कडकडीत चहात ओतू नका. दूध कोमट करून कपात घ्या आणि त्यावर चहा हळूहळू सोडा. आलं पाण्यासोबत आधीच चांगलं उकळून घ्या, कारण कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं.

घाणा ४ : कॅल्शियम, आणि फसलेला प्रयोग

गाईच्या दुधात १०० मिलीला साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, सोयादुधात त्याच्या कितीतरी कमी. आधी कॅल्शियम लॅक्टेट वापरून बघितलं, कारण ते पाण्यात विरघळतं. नेमकं तेच नडलं. गरम दुधात पडताच पातेल्यात सरळ टोफूची तयारी झाली. विरघळलेलं कॅल्शियम म्हणजे दुसऱ्या घाण्यातलं बोअरचं पाणीच, फक्त कितीतरी तीव्र.

कारखाने न विरघळणारं कार्बोनेट का वापरतात ते इथे कळतं. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम, म्हणजे गाईच्या दुधाइतकं व्हायला लिटरला ३ ग्रॅम. फॉस्फेट आधी, कार्बोनेट नंतर. दूध फाटलं नाही. पण काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवल्यावर तळाशी खडूसारखा पांढरा थर जमला, चमच्याने खरवडावा लागेल इतका घट्ट. तो थर न ढवळता वरचं दूध प्यायलं तर घातलेलं कॅल्शियम बाटलीतच राहतं. खोक्यावरचं 'वापरण्यापूर्वी हलवा' गंभीरपणे घ्यायचं ते यासाठी.

घाणा ५ : ४१८, म्हणजे जेलन

आधी ग्वार गम लिटरला १ ग्रॅम घालून पाहिला. थर उशिरा बसला, पण बसलाच. दूध मात्र बुळबुळीत झालं. दाटपणा वेगळा आणि कण पेलून धरणं वेगळं. जेलन हे जिवाणूंच्या किण्वनातून मिळतं आणि दुधात अगदी विरळ जाळी विणतं. ओतताना ही जाळी मोडते, स्थिर ठेवलं की पुन्हा धरते.

प्रमाण लिटरला ०.३ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनारी काटा हवा. जेलन १० ग्रॅम साखरेत कोरडं मिसळून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवा, दोन मिनिटं धरा आणि गार होईपर्यंत ढवळत राहा. न ढवळता गार केलं तर खरवसासारखं थरथरतं आणि नंतर हलवलं की फुटकळ गोळे होतात.

खरेदी करताना 'हाय असिल' प्रकार मागा. 'लो असिल' कॅल्शियमसोबत ठिसूळ जेली करतो आणि दूध रवाळ लागतं. दोघांचा क्रमांक ४१८ च, त्यामुळे खोक्यावरून फरक कळत नाही.

चोवीस तासांनी तळ स्वच्छ होता.

लेसिथिन (३२२) यात वापरलं नाही. सोयाबीनमध्ये ते मुळातच असतं. वरून तेल घातलेल्या ओट किंवा बदामाच्या पेयात त्याची गरज पडते. ओटच्या खोक्यावर साखर घातली नसूनही पोषणतक्त्यात साखर दिसते, ती अमायलेज विकराने स्टार्च तोडून झालेली माल्टोज. परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) बहुतेक खोक्यांत नसतंच, ती महिनोन्‌महिने टिकतात ती काही सेकंदांच्या १३५ अंशांवरच्या उष्णतेमुळे आणि निर्जंतुक भरणीमुळे. घरचं दूध फ्रिजमध्ये तीन दिवस धरा.

गुळाचा चहा मात्र पाचव्या घाण्यालाही पेलला नाही. गूळ उकळताना घातला तर फाटतं. कपात, चहा थोडा निवल्यावर घातला तर तीनपैकी दोन कप टिकले. सहाव्या घाण्यात फॉस्फेट २ वरून ३ ग्रॅम करून पुन्हा तोच गूळ लावायचा आहे.