आजचं शून्य

टोपली उचलली. खाली नुसती वाळू.

"आज नाय," कासवमित्र काका म्हणाले. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं बघायला पहाटेपासून ताटकळलेले आम्ही तीस-चाळीस जण. 'एवढ्या लांबून आलो' म्हणत बरेचजण चहाकडे वळले. मीही वळणार होते, खोटं कशाला बोलू!

काकांनी मात्र खिशातून वही काढली. तारीख, घरट्याचा नंबर, वाळूचं तापमान. पुढे शून्य, चांगलं ठसठशीत.

"शून्य कशाला लिहायचं, काका?"

"नाय लिवलं तर मी आलोच नाय असं होईल ना."

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. मग साधारण ४५ ते ६० दिवस कोल्ह्या-कुत्र्यांपासून ती राखायची या कासवमित्रांनी. इथे हे २००२ पासून चाललंय. पिल्लू नर होणार की मादी, तेही वाळूच्या उष्णतेवर ठरतं, म्हणून तापमानाची नोंद. एवढं करून हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणे.

पिल्लं निघतात त्या दिवसाचे फोटो आपण सगळेच टाकतो. त्या वहीतली शून्यांची पानं कुणी उलटून बघत असेल का?