यादीतली शेवटची ओळ

मे महिन्यात जळगावात दुपारी बारानंतर गिऱ्हाईक येत नाही, म्हणून मी गोलाणी मार्केटमधलं माझं दुकान सकाळी साडेआठलाच उघडतो. २०२३ च्या मे मधल्या त्या सोमवारी मी पोचलो तेव्हा शटरसमोरच्या पायरीवर एक ताई आधीच बसल्या होत्या. शेजारी गोणपाटात बांधलेला सीपीयू. पहिल्या एसटीनं आल्या होत्या, यावल तालुक्यातल्या गावाहून.

मी त्यांना लगेच ओळखलं. आठ महिन्यांपूर्वी मीच ती मशीन जोडून दिली होती. गावात त्या ऑनलाइन फॉर्म भरायचं काम करतात. पीक विमा, सातबारा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचे दाखले. बचत गटातून कर्ज काढून २८ हजार आणले होते आणि त्यात स्क्रीनसकट सगळं बसवायचं होतं.

"भाऊ, रात्री वादळ झालं. लाइट गेली, मग एकदम आली, बल्ब पांढराफेक झाला आणि यातून आवाज आला. आता काहीच लागत नाही."

गोणपाट सोडलं तसा वास आला. जळालेल्या बॅकेलाइटचा आणि कंडेन्सरच्या पाण्याचा तो वास या धंद्यात नाकात कायमचा बसतो. बल्ब पांढराफेक झाला म्हणजे काय झालं हेही कळलं. वाऱ्यानं न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की २३० व्होल्टच्या जागी घरात ४०० च्या आसपास येऊ शकतात. वळवाच्या पावसात रावेर-यावलकडे केळीची खोडं आडवी होतात, त्याच रात्री तारांचंही हेच होतं.

एसएमपीएस, म्हणजे घरची वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा, बाहेर काढून मी त्याचं झाकण उघडलं. आत दोन मोठे कंडेन्सर फुगून फाटले होते. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. बोर्डावर जिथे लाइन फिल्टरची कॉइल असायला हवी होती तिथे नुसती तार जोडलेली होती. जादा व्होल्टेज आलं की स्वतः मरून पुढचं वाचवणारा एमओव्ही, त्याची जागा छापलेली, भोकं पाडलेली, पण रिकामी. वर स्टिकर ४५० वॅटचं. त्याच स्टिकरवर बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या लाइनला १४ अँपिअर लिहिलेलं. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसरला खरी ताकद याच लाइनवरून मिळते.

हे मला आठ महिन्यांपूर्वी ठाऊक नव्हतं असं नाही. ताईंना १९ इंची स्क्रीन घेतली असती तर चांगला एसएमपीएस बजेटमध्ये बसत होता. पण दिवसभर फॉर्म वाचायचे, डोळ्यांना त्रास नको, म्हणून त्यांनी २२ इंची मागितली आणि मीही हो म्हणालो. ते पैसे कुठून काढले? एसएमपीएसमधून. १८०० रुपयांत कॅबिनेटसोबत जो येत होता तोच राहू दिला. आय३-१०१०५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, फाइली साठवायला २५६ जीबीची एसएसडी, सगळं नीट निवडलं होतं. आणि ते सगळं ज्याच्यावर उभं राहणार होतं तिथेच हात आखडता घेतला.

ताईंनी एकच विचारलं. "भाऊ, मशीनचं राहू द्या. आत कागद आहेत लोकांचे."

शंभरावर लोकांचे स्कॅन केलेले दाखले, आधार कार्डं, बारावीच्या पोरांचे अर्ज. दुसरीकडे कुठे कॉपी नाही. बारावीचा निकाल तोंडावर आलेला, त्यामागून नॉन-क्रिमीलेअरसाठी रांग लागणार. मी मदरबोर्ड पाहिला. प्रोसेसरच्या सॉकेटशेजारचा एक मॉस्फेट, म्हणजे प्रोसेसरला वीज सोडणारा भाग, काळा पडला होता, त्याखाली बोर्ड करपलेला. बोर्ड गेला. एसएसडी काढून टेबलावरच्या चाचणीच्या बोर्डात लावली तेव्हा ताई खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, नाव दिसायला दोन-तीन सेकंद लागतात. ते दिसलं. मग फोल्डर उघडले, फाइली उघडल्या. एनव्हीएमई एसएसडीला मदरबोर्डकडून ३.३ व्होल्ट जातात, १२ च्या लाइनवरचा मार तिच्यापर्यंत पोचला नव्हता. प्रोसेसर आणि रॅमही चालू निघाले. आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर काढला, मग बाकीचं.

त्याच वेळी दारात एक आप्पा आणि त्यांचा मुलगा येऊन उभे राहिले. रावेरकडचे, केळीवाले. मुलगा वीस-एकवीसचा, लग्नाच्या शूटिंगवाल्यासोबत वर्षभर फिरलेला. आता एडिटिंग स्वतः करायचं म्हणत होता. आप्पांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"पोरानं लिहेल आहे. यातलं काय पाहिजे, काय नको, तुम्ही सांगा. पैसे पंचावन्न हजार आहेत, त्याच्यावर एक नाही."

यादी चांगली अभ्यास करून केली होती. आय५-१२४००एफ प्रोसेसर, बारा जीबीचं ग्राफिक्स कार्ड, समोर काच असलेलं आणि आत रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट, वेगवान रॅम, एक टीबी एसएसडी. बेरीज ७५ हजारांच्या वर जात होती आणि त्यात स्क्रीन नव्हतीच. सगळ्यात खाली, बाकीच्यांपेक्षा बारीक अक्षरात: "एसएमपीएस – ५०० वॅट, कोणताही."

टेबलावर ताईंचा उघडा एसएमपीएस पडलेला होता. मी तो उचलला आणि मुलाच्या हातात दिला. दुसऱ्या हातात दुकानातला ५५० वॅटचा ब्राँझ रेटिंगवाला ठेवला. म्हटलं, आधी वजन बघ. हातांनाच फरक कळला. मग स्टिकर वाचायला लावलं, १२ व्होल्टसमोरचे अँपिअर शोधायला लावले. त्यानं गुणाकार केला आणि गप्प झाला. ब्राँझ हा शिक्का वीज किती वाया जाते त्याचा आहे, सुरक्षेचा नाही, हेही सांगितलं. अर्ध्या लोडवर ८५ टक्के कार्यक्षमता एवढंच तो सांगतो. पण ज्या कंपन्या तो शिक्का घेतात त्या बहुधा आत फिल्टर आणि संरक्षणाचे भागही बसवतात, म्हणून आमच्याकडे निवडताना तो उपयोगी पडतो.

मुलगा म्हणाला, "पण दादा, एवढ्यानं स्पीड वाढतो का?"

मी उत्तर शोधत होतो तोवर आप्पाच बोलले. "आपल्या विहिरीच्या मोटरला स्टार्टर घेतला तेव्हा पाणी वाढलं होतं का रे? सिंगल फेजिंगचा प्रिव्हेंटर नव्हता त्या साली दोनदा मोटर जळाली. रिवाइंडिंगचे पैसे कोणी देल्ले?"

इतक्या वर्षांत एसएमपीएस मला कुणी इतका नीट समजावून दिला नव्हता. तीन फेजपैकी एक गेली तरी मोटर फिरत राहायचा प्रयत्न करते आणि वाइंडिंग जळतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तेव्हापासून गावाकडचं गिऱ्हाईक आलं की मी हेच उदाहरण देतो.

मग यादी पुन्हा पहिल्यापासून केली. मुलाला विचारलं, कॅमेरा कोणता, फुटेज कसलं? म्हणाला, शूटिंगवाला १० बिट, ४:२:२ मध्ये घेतो. म्हणजे रंगांची जास्त माहिती धरणारं, जड फुटेज. तिथेच निवड फिरली. एचईव्हीसी या दाबून साठवायच्या पद्धतीतलं असलं फुटेज त्याच्या यादीतलं ग्राफिक्स कार्ड हार्डवेअरवर उलगडू शकत नव्हतं. उलट बाराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधलं आतलंच ग्राफिक्स ते उलगडतं. पण त्यानं लिहिला होता 'एफ'वाला प्रोसेसर, ज्यात ते ग्राफिक्स बंद केलेलं असतं. हजार-दीड हजार वाचवायला त्यानं नेमकी तीच गोष्ट टाकून दिली होती, जी त्याच्या कामाला रोज लागणार होती. एफ नसलेला आय५-१२४०० घेतला. सहा कोर, बारा थ्रेड. कार्ड सध्या नाही. गेम खेळायचा असता किंवा थ्रीडी रेंडर करायचं असतं तर मी उलट सांगितलं असतं, बाकी सगळं कमी करून आधी कार्ड घे म्हणून.

मुलाचा चेहरा पडला. ते साहजिक होतं, सहा महिने त्या कार्डाची स्वप्नं बघितली असणार. म्हणून बोर्ड मी सगळ्यात स्वस्त दिला नाही. बी६६० घेतला, रॅमला चार स्लॉट, दोन एसएसडींची जागा. ५५० वॅटचा एसएमपीएस पुढे १७० वॅटचं कार्डही आरामात ओढेल. दोन-तीन लग्नांचे पैसे आले की कार्ड नुसतं खोचायचं, दुसरं काही बदलायचं नाही.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच १६ ची घेतली तर पुढे वाढवायला सोपं, हे खरं. पण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, आणि दोन पट्ट्यांवर दोन वाटा मिळतात. ५०० जीबी एनव्हीएमई चालू कामासाठी, आणि संपलेली लग्नं साठवायला एक टीबीची साधी हार्ड डिस्क. हार्ड डिस्क हळू असते, पण उतरवून ठेवलेल्या फुटेजला वेग लागत नाही.

कॅबिनेटवरून मात्र वाद झाला. त्याला काचेचंच हवं होतं. माझ्याकडे त्याच महिन्यात एका जिनिंगच्या ऑफिसातली मशीन आली होती, हीटसिंकवर कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी जमलेली. त्याचा फोटो दाखवला. "तुझी खोली पत्र्याची आहे?" होय म्हणाला. बाहेर ४४, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि समोर काच लावून पंख्याला हवा कुठून मिळणार? प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला आपोआप हळू होतो. मग आय५ घेऊन आय३ चं काम. समोर जाळी असलेलं घेतलं, जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर. बाजूला काच होतीच, तेवढ्यानं तो हसला.

यूपीएस १००० व्हीएचा, म्हणजे सुमारे ६०० वॅट. २२ इंची आयपीएस स्क्रीन, कारण लग्नाच्या व्हिडिओत शालूचा रंग चुकला तर पैसे अडतात. सगळं मिळून ५४ हजार आणि वर थोडे. मुलानं मोबाइलवर दोन भावांची तुलना दाखवली, प्रोसेसर ऑनलाइन चारशेनं स्वस्त होता. त्याला म्हटलं, तिथून घे, मी जोडून देतो. आप्पांनी मान हलवली. "काही झालं तर मी पोस्टात जाऊ का यांच्या दुकानात येऊ?"

दुपारी धरणगावचे एक गुरुजी येऊन गेले, मुलीच्या अभ्यासासाठी, जास्तीत जास्त पंधरा हजार. एवढ्यात नवं जोडायला मी आता तयार नसतो, कारण काटछाट पुन्हा त्याच जागी करावी लागते. मोठ्या ऑफिसांतून निघालेली ब्रँडेड मशीन दिली, एसएसडी टाकून. मात्र आठव्या पिढीची. त्याआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. दोन हजार कमी म्हणून सहाव्या पिढीची दिली असती, तर मुलीची बारावी व्हायच्या आत गुरुजी परत आले असते.

संध्याकाळी ताईंची मशीन पुरी झाली. दुकानात पडून असलेला त्याच सॉकेटचा बोर्ड लावला, त्याचे मला पडले तेवढेच घेतले. एसएमपीएस चांगला टाकला, त्याचे घेतले नाहीत. ताई देत होत्या. त्यांना स्पष्ट सांगितलं की तेव्हा मी चुकलो होतो आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेणार नाही. हेही सांगितलं की चारशे व्होल्ट आले तर हाही जळेल, पण बहुतेक एकटाच जळेल. आणि एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यायला लावली, रोज संध्याकाळी कॉपी काढायची. त्यांनी समोरच एक फोल्डर उघडून नावं मोजली, फोन लावला आणि पलीकडच्या कुणाला तरी म्हणाल्या, "आहे गं, सगळं आहे. उद्या सकाळी ये."

आप्पा आणि मुलगा तेव्हा मशीन न्यायला परत आले होते. जोडून, तपासून तयार होती. गाडीत ठेवताना मी विचारलं, घरात अर्थिंग आहे ना? तीन पिनच्या तिसऱ्या भोकात तार आहे का? आप्पांनी मुलाकडे पाहिलं, मुलानं आप्पांकडे.

"सॉकेट आहे," मुलगा म्हणाला.

आप्पांनी तिथूनच गावातल्या वायरमनला फोन लावला. बोलणं झाल्यावर मशीन उतरवून घ्यायला सांगितली. "आठ दिवस तुमच्याकडेच राहू द्या. खड्डा खोदतो, कोळसा-मीठ टाकतो, पट्टी पुरतो. मग नेतो."

मुलगा काही बोलला नाही, पण काउंटरवरच्या पावतीकडे तो ज्या नजरेनं बघत होता ते बघून मला वाईट वाटलं. त्या वयात आठ दिवस लांब असतात.

पुढच्या मंगळवारी दोघं आले. आप्पांनी खिशातून तोच कागद काढला, मुलाची जुनी यादी. उलटून माझ्यासमोर ठेवला. मागच्या बाजूला वायरमनच्या अक्षरात तीन ओळी होत्या: फेज-न्यूट्रल २२८. फेज-अर्थ २२६. न्यूट्रल-अर्थ २.

"बरोबर आहे का भाऊ?" आप्पांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं, आणि मुलानं कॅबिनेट उचललं.