न्यायासनावरून उतरताना

आज पहाटे मननासाठी बायबलमधील उत्पत्तीचा 50वा अध्याय उघडला आणि पंधराव्या वचनापाशीच थांबले. ज्या योसेफाला भावांनी तरुणपणी विकले होते, तो आता मिसर देशात (इजिप्तमध्ये) मोठा अधिकारी आहे. वडील याकोब यांच्या मृत्यूनंतर ते भाऊ घाबरतात की, वडील गेले, आता हा आपल्यावर सूड उगवील. याकोब 130 वर्षांचा असताना मिसर देशात आला आणि 147व्या वर्षी वारला, हे अनेकदा वाचूनही मी कधी हिशेब केला नव्हता. योसेफाने भावांच्या गळ्यात पडून त्यांना जवळ केले, त्याला तेव्हा सुमारे 17 वर्षे झाली होती. इतकी वर्षे ते त्याच्याच आश्रयाला राहिले, तरी त्याच्या क्षमेवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांचा क्षमा मागणारा निरोप ऐकून योसेफ रडला.

मी आजारी असताना माझ्या सहीचा गैरवापर करून ज्या नातलगाने माझी बचत काढून घेतली, त्याने काल पुन्हा माफी मागितली. सहा वर्षांपूर्वीच मी त्याला क्षमा केल्याचे सांगितले होते, म्हणून कालच्या त्याच्या बोलण्याचा मला राग आला. पण खरे लिहायचे तर, माझ्यासमोर त्याची नजर खाली जाते तेव्हा मला आतून बरे वाटते, आणि ते त्याला कळत असले पाहिजे.

त्या आजारपणात भेटायला येणारे "यात देवाची काही योजना असेल" असे म्हणत, तेव्हा मला ते ऐकवत नसे. त्यांचा हेतू चांगला होता, पण आज जाणवले की योसेफाच्या कथेत हे वाक्य कोणी बाहेरचा माणूस बोलत नाही. ज्याला 17व्या वर्षी रुप्याच्या 20 शेकेलांना विकले, तोच ते बोलतो, आणि तेही सारे सोसून झाल्यावर. शिवाय भावांनी केले ते वाईटच होते, हे तो लपवत नाही. त्याच कृत्यात देवाचा हेतू मात्र अनेकांचे प्राण वाचवण्याचा होता, एवढेच तो सांगतो. मिसरचा राजा फारो याच्यासमोर उभा राहीपर्यंत त्याची 13 वर्षे गेली, त्यांपैकी दोन वर्षे तर केवळ तुरुंगात भेटलेला राजाचा प्यालेबरदार (पेला देणारा सेवक) सुटल्यावर त्याला विसरला म्हणून तुरुंगात गेली, आणि त्या काळात देवाने त्याला काही उलगडून सांगितल्याचा उल्लेख नाही. परमेश्वर त्याच्याबरोबर होता, इतकेच लिहिले आहे. मला बराच काळ ते पुरेसे वाटत नव्हते. आता वाटते.

"मी देवाच्या ठिकाणी आहे काय?" असे योसेफ भावांना विचारतो. सहा वर्षे मी त्याच ठिकाणी बसून होते, आणि त्या नातलगाला दरवेळी समोर उभे करत होते.

प्रभू, तो हिशेब आज तुझ्या हाती देते. उद्या सकाळी मीच त्याला फोन करीन, पैशांचा विषय काढणार नाही, आणि त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करीन.