लाइफ जॅकेटची गाठ

पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. लोकांना वाटतं, मालक तेवढे महिने घरी बसून भजी खातात. खरी धावपळ तेव्हाच असते. बोट पाण्याबाहेर ओढायची, दुरुस्त करायची आणि सर्व्हे, म्हणजे बोटीची सरकारी तपासणी, पास करून दाखला घ्यायचा. तो दाखला हातात नसेल तर सप्टेंबरात बोट बांधूनच ठेवायची. गेल्या वर्षी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि हे सगळं माझ्या गळ्यात आलं. मी बँकेत आहे, त्यामुळे कागदांचं काम आपल्याला जमेल अशी घमेंड होती.

कागद जमलेही. अर्ज, नोंदणी, विमा, सारंग (बोट हाकणारा) आणि इंजिन ड्रायव्हरचे परवाने, चलान. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, एवढं बाबांना समजावण्यात मात्र एक संध्याकाळ गेली.

सर्व्हेअर साहेब आले त्या दिवशी दारुखान्यात, म्हणजे मुंबईत बोटी दुरुस्त करतात त्या धक्क्यावर, चिखल, वर रिपरिप. फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. खिशातून छोटी हातोडी काढली आणि बोटीच्या पोटाखाली वाकून फळी न् फळी ठोकत निघाले. टण, टण, टण. मागे, बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळ बद्द आवाज आला. तिथे खडूने फुली. नव्या रंगाखाली फळी कुजली होती. रंग आम्हीच दिलेला, आठच दिवसांपूर्वी. आमचे सारंग नाना तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिले.

मग वरचा डेक. "इथे किती माणसं बसवता?" वर बसायचे आम्ही दहा रुपये जादा घेतो, त्यामुळे या प्रश्नाला आमच्या धंद्यात कोणी पटकन उत्तर देत नाही. वजन वर चढलं की बोट डोलते आणि फोटोसाठी सगळे एका बाजूला धावले की कलते. आमची आजी रेवसची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. लाट आली तेव्हा लोक एका अंगाला धावले आणि बोट उलटली, असं आजी सांगायची. साहेबांच्या प्रश्नाने ते आठवलं आणि मी खरा आकडा सांगितला. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घर विकून आले आहे.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत मी निश्चिंत होते. माणशी एक, वर थोडी जादा, स्वतः मोजलेली. साहेबांनीही मोजली. मग म्हणाले, "ताई, यातलं एक काढून घाला बघू."

जॅकेटं बाकाखाली गठ्ठ्याने नायलॉनच्या दोरीने आवळलेली. लोक उशाला घेतात, पोरं शिट्ट्या तोडतात, म्हणून बाबांची ही युक्ती. पाण्याने गाठ फुगून दगड झाली होती. माझं नख तुटलं. शेवटी नाना सुरी घेऊन आले. जॅकेट अंगात चढलं, तर कमरेचा पट्टा अडकवायचं बक्कलच गायब. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं. आणि बोट आत्ता कोरड्यात उभी आहे."

१८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली, इंजिनाची चाचणी चालू असताना. चूक लाँचची नव्हती, हे बाबा तावातावाने सांगतात आणि ते खरंच आहे. पण परवाना ८४ प्रवाशांचा होता आणि बोटीवर शंभरावर माणसं होती, हा भाग ते हळू आवाजात सांगतात. त्यानंतर जॅकेट घालूनच बसायचं, असा नियम झाला. माझी चार मिनिटं त्या दिवशी कोणाला मिळाली असती?

साहेबांनी त्रुटींची यादी दिली. फळी बदलली, जॅकेटं बाकावरच्या खुंट्यांना लावली, लहान मुलांची वेगळी घेतली. फेरतपासणीला बारा दिवस लागले, दाखला मिळाला. आमच्या बोटीला ८० प्रवासी.

हातोडीचा माणूस वर्षातून एकदा येतो. पायऱ्यांवर माणसं मोजायला आम्हीच असतो, आणि तिकिटामागे पैसे मिळतात तेही आम्हालाच. ही गोम मला पहिल्या रविवारी कळली. मी माणसं मोजायचं काउंटर हातात धरून उभी होते. ८० झाले तेव्हा पुण्याच्या एका कुटुंबातले तिघं आत आणि आजी-आजोबा पायरीवर. बाबा फोनवर म्हणाले, "अगं, दोघांनी काय होतंय?" नाना दोर हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तिघांना उतरायला सांगितलं. त्यांच्यातल्या बाईंनी मला मनसोक्त झापलं. पुढच्या बोटीने गेले पाचही जण.

रात्री बाबांनी हिशेब मागितला. मी ७७ चा दिला. ते डोळ्यात थेंब घालून, कूस बदलून झोपले.