माझा अनुभव: चूक माझी, इन्शुरन्स क्लेम न करता आपापसात मिटवलं

आधीच सांगून टाकतो, चूक शंभर टक्के माझीच होती. सिग्नलला उभा होतो, पुढची गाडी हलल्यासारखी वाटली म्हणून ब्रेकवरचा पाय सोडला आणि मान डावीकडे वळलेली, तेवढ्यात धाडकन. स्पीड काहीच नव्हता पण आवाजाने पोटात गोळा आला.

पुढच्या गाडीतून एक काका उतरले. कुणाला लागलं नव्हतं. गाड्या बाजूला घ्यायच्या आधी आहे त्या जागी फोटो काढले, दोन लांबून, दोन नंबरप्लेट दिसेल असे. त्यांच्या बंपरला ओरखडा आणि एक बारीक चीर, बस. मी लगेच म्हणालो, काका किती देऊ सांगा, इथेच मिटवू. ते म्हणाले, "अरे थांब, आत काय झालंय ते तुलाही दिसत नाहीये आणि मलाही."

तेव्हा मला ते जरा चिकट वाटले, खरं सांगतो. पण गॅरेजमध्ये बंपर उतरवला तेव्हा कळलं. प्लास्टिकचा बंपर दबून परत बाहेर येतो म्हणून वरून धड दिसतो, आत मात्र फोम चेपलेला, क्लिपा तुटलेल्या आणि पार्किंग सेन्सरचं ब्रॅकेट वाकलेलं. त्यामागचा लोखंडी बार सरळ होता हे नशीब. दुसऱ्या गॅरेजचंही एस्टिमेट घेतलं, फार फरक नव्हता, पण रस्त्यावर मी जेवढे द्यायला निघालो होतो त्याच्या दुपटीच्या वर गेलं.

मग रात्री पॉलिसी काढून बसलो. माझ्या गाडीचं काम क्लेममध्ये काढलं तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जाणार, म्हणून पुढे प्रीमियम वाढणार, आणि कामाच्या बिलातली सुरुवातीची ठरलेली रक्कमही मलाच भरायची. हिशोब केला तर खिशातून देणं थोडंसंच स्वस्त पडत होतं, म्हणजे लोक सांगतात तेवढा मोठा फायदा काही नाही. आणि वाचता वाचता दोन अटी सापडल्या, एक म्हणजे क्लेम करा न करा अपघात कळवायचा, आणि दुसरी, कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही की पैशाचा शब्द द्यायचा नाही. मी तर रस्त्यावरच दोन्ही करून बसलेलो! सकाळी फोन करून सगळं सांगितलं, क्लेम नको, फक्त नोंद करा आणि आम्ही आपापसात मिटवलं तर चालेल का. त्यांनी हो म्हटलं ते ईमेलवर मागून घेतलं. हे न करता पुढे प्रकरण वाढलं असतं तर कंपनी हात वर करू शकली असती.

तिसऱ्या दिवशी काकांना मुद्दाम फोन केला, मान वगैरे दुखत नाही ना, कारण मागून धक्का बसला की ते दुखणं कधीकधी एक-दोन दिवसांनी वर येतं. दुखत असतं तर मी हा नाद सोडून सरळ क्लेमच केला असता, माणसाला लागलं की पोलिस आणि विमा कंपनीला बाजूला ठेवून काही करायचंच नाही.

आपापसात मिटवल्याच्या कागदाचा पहिला मसुदा मीच लिहिला, "माझ्या चुकीमुळे" अशी सुरुवात करून. वकील मैत्रिणीने वाचला आणि म्हणाली, तू भरपाई देतोयस की कबुलीजबाब? मग तिने नीट करून दिला: तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, काय मोडलं, रक्कम किती, ही रक्कम चुकीची कबुली म्हणून नाही आणि गाडीच्या नुकसानीची ही पूर्ण आणि अंतिम भरपाई. काकांनी एक गोष्ट वाढवायला लावली, गाडी गॅरेजमध्ये असेल तेवढ्या दिवसांचा येण्याजाण्याचा खर्च. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, पण मागणी रास्त होती.

आता पेच असा की त्यांना वाटत होतं सही केली की हा गायब होणार आणि मला वाटत होतं पैसे दिले की हे अजून मागणार. शेवटी ठरलं की गॅरेजचं बिल मी थेट गॅरेजच्या खात्यावर भरायचं, रोख एक पैसा नाही, आणि त्यांचा प्रवासखर्च गाडी हातात मिळाल्यावर सही करताना त्यांच्या खात्यावर टाकायचा. गाडी मिळाल्यावरही काकांनी लगेच सही केली नाही. आधी गाडी रिव्हर्स घेत भिंतीपर्यंत नेली, सेन्सर वाजला, मग पुढे घेऊन परत एकदा नेली, परत वाजला. मग खाली उतरून माझ्याच बॉनेटवर कागद ठेवून दोन्ही प्रतींवर सह्या केल्या, माझ्या गाडीला त्या धडकेत पडलेल्या ओरखड्याच्या शेजारीच, जो मी अजून तसाच ठेवलाय.