मुद्देमाल रात्रभर कुठे होता?

मुंबईतल्या एका सकाळच्या लॉ कॉलेजात मी पुरावा कायदा शिकवते. तासावर मानधन, आणि तास संपला की किल्ला कोर्ट. वर्गात निम्म्याहून जास्त मंडळी नोकरदार असतात. कुणी बँकेत, कुणी महापालिकेत, रात्रपाळी उतरून थेट येणाऱ्या परिचारिका असतात, आणि दरवर्षी दोन-तीन पोलीस. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांप्रमाणे निवासी नसलेल्या कॉलेजात तास सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेतच घ्यावे लागतात. त्यामुळे काम आटोपून रात्री शिकण्याचा मार्ग बंदच आहे. नोकरी करणाऱ्याला उरते ती सकाळ, तीही साहेब उशिरा यायला हरकत घेत नसेल तर.

दरवर्षी पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, नोकरी सांभाळून सनद मिळेल ना?" मिळत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. १९९६ साली डॉ. हनिराज चुलानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर डॉक्टरकी चालू ठेवून सनद मागणाऱ्या शल्यविशारदालाही नकार दिला. हे ऐकूनही ही मंडळी येत राहतात. कुणाला निवृत्तीनंतर काळा कोट घालायचा असतो, कुणाला बढतीसाठी पदवी हवी असते, आणि काहींना आपण रोज ज्या कायद्याखाली काम करतो तो एकदा नीट समजून घ्यायचा असतो.

मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते हवालदार या तिसऱ्या गटातले. वर्ग त्यांना 'दादा' म्हणतो. आधी काही वर्षं गुन्हे प्रकटीकरण पथकात होते, आता कोर्ट पैरवीवर आहेत. म्हणजे समन्स बजावायचं, साक्षीदार वेळेवर उभा करायचा, मुद्देमाल कोर्टात न्यायचा आणि परत आणायचा. खटला सुटला की वरिष्ठांची बोलणीही पैरवीवाल्यालाच खावी लागतात.

२०२४चं ते सत्र सगळ्यांनाच जड गेलं. १ जुलैपासून दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा या तिन्हींचे नवे कायदे लागू झाले, आणि शिकवणाऱ्यांनाही कलमांचे आकडे नव्याने पाठ करावे लागले. माझे एक सहकारी मात्र शेवटपर्यंत जुनं गाईडच वर्गात वाचून दाखवत राहिले, आणि त्यांच्या तासांची हजेरी कॉलेजात सगळ्यात चांगली भरली.

दिवाळीनंतर मी मॉक ट्रायल लावली. मोबाईलचोरीचा साधा खटला होता. आरोपीने पोलिसांपुढे सांगितलं की फोन खोलीतल्या मोरीच्या कट्ट्यामागे लपवला आहे. मेमोरंडम पंचनामा झाला, म्हणजे ते सांगणं पंचांसमोर लिहून घेतलं, मग फोन निघाला आणि जप्ती झाली. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७ आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम २३च्या परंतुकात गेलं आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब चालत नाही, पण त्यातून जी वस्तू सापडली तेवढ्यापुरतं विधान चालतं. सगळा खटला त्या सापडण्यावर उभा असतो. बँकेतली एक मुलगी तपासी अंमलदार झाली आणि दादांना मी मुद्दाम आरोपीचं वकीलपत्र दिलं. निवडणुकीची नाकाबंदी चालू होती, रात्रभर उभे राहून ते तसेच आले होते. बूट पोलिसांचेच होते, वर साधा शर्ट.

मी वर्षानुवर्षं उलटतपास शिकवते. मुलं उलटतपास म्हणजे आवाज चढवणं समजतात, साक्षीदाराला 'तुम्ही खोटं बोलताय' म्हणतात आणि खाली बसतात. दादा तसं काहीच बोलले नाहीत.

"जप्ती पंचनामा किती वाजता संपला?"

"सव्वासहा."

"मोबाईल पाकिटात घातला?"

"हो. खाकी पाकिटात."

"लेबलवर पंचांच्या सह्या पाकीट बंद करायच्या आधी घेतल्या की नंतर?"

ती थबकली. "नंतर."

"लाख कुठे लावली?"

"तिथेच. खोलीत."

"लाख वितळवायला काय होतं?"

पंचनाम्यात मेणबत्तीही नव्हती आणि काडेपेटीही नव्हती. ती म्हणाली, आठवत नाही. दादांनी त्यावर जोर दिला नाही. कागद उलटला.

"मुद्देमाल रजिस्टरला नोंद कधीची आहे?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची."

"सव्वासहापासून सकाळी अकरापर्यंत पाकीट कुणाच्या ताब्यात होतं?"

"माझ्या... कपाटात."

"कपाटाची किल्ली कुणाकडे असल्याची स्टेशन डायरीत नोंद आहे?"

"नाही."

ते बसले. नवीन वकील इथे हमखास एक प्रश्न जास्त विचारतो, 'म्हणजे तुम्ही मोबाईल नंतर ठेवलात, खरं ना?' साक्षीदार 'खोटं आहे' म्हणतो, आणि आधी मिळवलेलं सगळं मऊ पडतं. हा मोह कुठे आवरायचा ते मी महिनोन् महिने सांगते. दादांना ते सांगावं लागलं नाही. त्यांनी कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून असे किती खटले सुटताना पाहिले असतील कोण जाणे.

नंतर एका मुलाने विचारलं, "दादा, खरे पंचनामे असेच होतात का?" वर्ग गप्प झाला. दादा म्हणाले, "पंच मिळत नाही. कायदा म्हणतो त्या भागातला प्रतिष्ठित माणूस घ्या. रात्री बेल वाजवली की प्रतिष्ठित माणूस आतून दिवा घालवतो. मग नाक्यावरचा चहावाला येतो. तो दहा प्रकरणांत पंच असतो, आणि कोर्टात तुम्ही लोक त्यालाच फोडता." पुढे म्हणाले, "आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५मुळे जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. ते मला बरं वाटतं. चित्रीकरण असलं की वरिष्ठही म्हणू शकत नाहीत की ठाण्यात बसून लिहून टाक."

आपल्या लोकांबद्दल मला हे म्हणायचंच आहे. पोलीस खोटे पंच उभे करतात अशी तक्रार करणारी माणसं स्वतः कधी पंच व्हायला तयार नसतात. मी सोसायट्यांतून हे पाहिलं आहे.

त्या तासाला मी त्यांना पूर्ण गुण दिले. खाली उतरले तर सूचना फलकावर डिफॉल्टर लिस्ट लागली होती आणि तीत त्यांचं नाव होतं. हजेरी साठ टक्क्यांच्याही खाली.

त्या वर्षी नियम असा होता. प्रत्येक विषयात सत्तर टक्के हजेरी लागायची. काही अपवादात्मक कारण असेल तर एखाद्या विषयात पासष्टपर्यंत सूट मिळायची, तीही सगळ्या विषयांची मिळून सत्तर भरत असेल तरच. त्याखाली कुणाच्याच हातात काही नव्हतं. गणपती, नवरात्र आणि विधानसभा यांनी दादांचं सत्र खाऊन टाकलं होतं. बंदोबस्ताचे आदेश त्यांनी नीट फाईल करून कार्यालयात दिले होते. त्याच यादीत नाव नसलेला एक मुलगा मला माहीत आहे. तो सकाळी येतो, यंत्रावर अंगठा लावतो आणि समोरच्या हॉटेलात बसतो.

मी हजेरी समितीपुढे गेले. म्हटलं, या माणसाला निदान ट्रायल ऑब्झर्वेशनचे तास धरा. प्रॅक्टिकलच्या पेपरात दोन खटले पाहून नोंदी लिहायला तीस गुण आहेत. बाकीची मुलं काय करतात ते समितीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार जर्नल मिळतं, खटल्याच्या नंबरासकट. मी तपासलेल्या कित्येक जर्नलांत तोच फिर्यादी, तोच पंच आणि तीच तारीख असते, अक्षर तेवढं वेगळं. दादा रोज खरे खटले पाहतात, पण ते 'कामावर' पाहतात म्हणून त्याचं मोल शून्य. मी बाबासाहेबांचाही दाखला दिला. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढताना त्यांनी नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळचे ठेवले होते. सकाळचं कॉलेज कामकऱ्यासाठी निघतं, आणि कामामुळे हजेरी चुकली तर कामकरीच बाहेर जातो, हे कसं?

समितीतल्या ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, "आज बंदोबस्त धरला तर उद्या ऑडिटवाला येईल, परवा दुकानदार. मग वर्गात कोण राहील?" त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. फक्त परीक्षेपुरतं तोंड दाखवून पदवी घेणारे देशभर आहेत, आणि त्यांच्यापायी आमच्या व्यवसायाची अब्रू जाते. त्याच सप्टेंबरात बार कौन्सिलचं परिपत्रक आलं होतं: बायोमेट्रिक हजेरी, कॅमेरे, नोकरीत असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र. रोग खरा आहे. पण अंगठ्याच्या यंत्राला वर्गात बसलेला आणि हॉटेलात बसलेला यांतला फरक कळत नाही, आणि शिक्षकाने तो सांगितला तर त्यासाठी कुठल्याही रकान्यात जागा नाही.

अर्ज फेटाळला. टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे सत्र वाया गेलं.

मी दादांना म्हटलं, आपण विद्यापीठाकडे जाऊ. आदेशांच्या प्रती आहेत, मी स्वतः अर्जाचा मसुदा करते, फी घेणार नाही. ते कँटीनच्या काउंटरपाशी उभे होते, चहाचा ग्लास हातात. म्हणाले, "नको मॅडम. मी उद्या निवृत्त होऊन कोर्टात उभा राहीन. समोरचा वकील म्हणेल, ह्याची पदवी बंदोबस्ताच्या चिठ्ठीवर मिळाली आहे. मुद्देमालाचं पाकीट एकदा उघडं राहिलं की राहिलं."

मी वाद घातला. म्हटलं, नोंदीत काही लपवलेलं नाही, उलट सगळं कागदावर आहे. सूट मागणं म्हणजे कमी करणं नव्हे. सैन्यात, रेल्वेत, इस्पितळात असलेल्या पुढच्या मुलांना तुमच्या अर्जाचा उपयोग होईल. शेवटचा मुद्दा त्यांना पटला असावा, कारण ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुलांसाठी तुम्ही वेगळा अर्ज करा. त्यात माझं नाव नको."

तेव्हापासून मी यावर विचार करते आहे. मी त्यांचं प्रकरण पुढे केलं, कारण त्याहून स्वच्छ प्रकरण माझ्याकडे दुसरं नाही. नाव न घालता केलेल्या अर्जाला समिती 'काल्पनिक' म्हणून बाजूला सारेल, हे मला आजच दिसतं. आणि त्यांच्या मर्जीविरुद्ध नाव घालणं मला कोणत्याही कोर्टात समर्थनीय ठरवता येणार नाही. ते आता पुन्हा त्याच सत्राला बसतात, ड्युटी बदलून घेऊन. मसुदा मी तयार केला आहे, आदेशांच्या प्रती जोडल्या आहेत. अर्जदाराच्या सहीची जागा कोरी आहे.