न मिटणारी पापणी

गुरुवार, रात्र

लॅमेलर इक्थिओसिस, म्हणजे कातडीवर खवले येणारा जन्मजात आजार, म्हटलं की सगळे कातडीबद्दलच बोलतात. साहजिक आहे. बाळ जन्मतं तेच अंगावर चकचकीत, ताणलेला पापुद्रा घेऊन. दोन ते चार आठवड्यांत तो सुटतो आणि खाली खवले दिसायला लागतात. डोळ्यांची आठवण मागाहून होते.

गंमत म्हणजे डोळा मुळात धड असतो. गालाची आणि कपाळाची कातडी आखडते, पापणीला ओढते, पापणी बाहेर उलटते. आतली लाल बाजू उघडी पडते. अश्रू वाहून नेणारं बारीक छिद्र पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात असतं, तेही डोळ्यापासून सुटतं. मग पाणी गालावर ओघळतं आणि घरचे म्हणतात, डोळा तर ओला आहे. ओला गाल असतो, कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) कोरडाच.

खरं नुकसान झोपेत होतं. मूल गाढ झोपल्यावर तासाभराने टॉर्च बाजूने, तिरका धरून पाहावं. पापण्यांमध्ये फट आहे का, किती मिलिमीटर, आणि फटीत नुसतं पांढरं दिसतं की काळं बुबुळही? बहुतेकांचा डोळा झोपेत वर फिरतो, म्हणून बुबुळाचा खालचा भाग आधी सोलपटतो. बुबुळ दिसत असेल तर दुसऱ्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. फ्लुरोसिन या रंगाची पट्टी लावून निळ्या प्रकाशात पाहिलं की सोललेली जागा हिरवी चमकते.

दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, त्रास जास्त असेल तर दर एक-दोन तासांनी. इतक्या वेळा घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच हवेत, कारण ते रसायनच कॉर्नियाला खातं. झोपताना खालच्या पापणीच्या आत साधारण १ सेंटिमीटर वंगण मलम. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना पापणीभोवती साधं पांढरं पॅराफिन लावून खालची पापणी बोटाने हलकेच वर सारायची. दिवसातून तीन-चारदा, पाचेक मिनिटं.

चिकटपट्टीने डोळा बंद करायचा मोह टाळावा, काढताना कातडीच निघते. खवले काढणारं सॅलिसिलिक ॲसिड डोळ्याजवळ नको, आणि तान्ह्या बाळाला तर अंगावर कुठेच नको. ते कातडीतून रक्तात उतरतं. पंख्याचा किंवा कूलरचा झोत तोंडावर नको. काजळाचा आग्रह आजीचा असतो, तिला समजावणं हे वेगळंच काम.

ॲसिट्रेटिन या खवल्यांवरच्या औषधाच्या गोळ्यांनी कातडी सैल पडते, पापणीही थोडी मागे येते, पण याच गोळ्या डोळे कोरडे करतात. तेव्हा थेंब वाढवावे लागतात.

बऱ्याच रुग्णांत दोष टीजीएम१ या जनुकात सापडतो. आई-वडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसूनही दोष बाळगून असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची २५ टक्के शक्यता. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही, आणि नात्यात दोघेही वाहक असणं जास्त संभवतं, म्हणून पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला.

डोळा लाल, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका: त्याच दिवशी दवाखाना. औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणू नयेत.

शस्त्रक्रियेत दुसरीकडची कातडी पापणीला जोडतात. पण ती कातडीही त्याच आजाराची. काही महिन्यांत, वर्षांत तीही आखडू शकते, आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं.